विरत जाणारं गाणं

दादाच्या गाण्याच्या मंडळात बाकी कशालाच शिस्त नव्हती. कुणी कधीही यायचं, कुणी दुसऱ्याचं गाणं ढापायचं, कुणी माइक हातात आला की सोडायचंच नाही. एक गोष्ट मात्र फार गांभीर्यानं व्हायची. महिन्यातून एकदा इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात कराओकेची संध्याकाळ असायची आणि तिचं शेवटचं गाणं कोणतं, हे ठरवायला आठवडाभर आधी दादाच्या घरी बैठक बसायची. चहा व्हायचा, वाद व्हायचे. एकदा तर एक बाई रुसून कप अर्धा टाकून निघून गेल्या होत्या.

मला गाण्यातलं कळत नाही. मला ऐकण्यातलं कळतं. मी कान तपासते. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक होत जाणारा आवाज सोडायचा आणि त्याला सांगायचं, ऐकू आलं की बटण दाबा. आवाज आहे आणि आवाज नाही, यांच्यामधली रेघ शोधणं हा माझा रोजचा धंदा. ती रेघ मला आजवर प्रत्येक माणसाची सापडलेली आहे.

अशाच एका बैठकीला मी होते, कारण त्या महिन्याची संध्याकाळ आईच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाची होती आणि शेवटचं गाणं आई म्हणणार होती.

"काय वाट्टेल ते घ्या, पण विरत जाणारं घेऊ नका," दातांचे डॉक्टर म्हणाले. ते मंडळातले सगळ्यात बरे गायक, आणि हे त्यांना स्वतःला सगळ्यात आधी कळलेलं. "शेवटचं गाणं ठणकन संपलं पाहिजे. ज्यात तीच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि संगीत हळूहळू बारीक होत नाहीसं होतं, तसलं नको. टाळी कधी वाजवायची तेच कळत नाही. अर्धे लोक उठतात, अर्धे बसून राहतात, आणि माइकवाला मधल्या मधे उघडा पडतो."

हा मंडळाचा जुना नियम होता आणि तो सगळ्यांना पटलेला होता. दादा मात्र हसला. हसताना तो वहिनीकडे बघत होता.

"या वेळी विरत जाणारंच घेऊ," तो म्हणाला. "वरच्या मजल्यावरच्यांनी मागच्या महिन्यात तक्रार केली आहे. अजून एक तक्रार आली तर सभागृह आपल्याला बंद. आईच्या हातात माइक देणार आहात, विसरू नका. संगीत खाली येत गेलं की तिला खाली यावंच लागेल. तिचा मान राहील, आपले कान राहतील."

सगळे हसले. मीही हसले असेन. आईच्या आवाजावर हसायची आम्हा सगळ्यांनाच सवय होती.

आईनं आयुष्यभर पोहायला शिकवलं. तलावाच्या काठानं चालत चालत, पाण्यात डोकं बुडालेल्या पोरांना ऐकू जाईल असं बोलायचं, हे तिचं काम. निवृत्त झाल्यावर तलाव सुटला, आवाज सुटला नाही. ती जेवताना "मीठ दे" म्हणाली तर शेजारच्या घरातलं कुणीतरी मिठाकडे हात न्यायचं. मला ती कासव म्हणायची, कारण प्रत्येक शर्यतीत मी शेवटची यायचे. "खरं कासव परवडलं," असंही वर म्हणायची, "ते पाण्यात तरी चपळ असतं."

ती दादाकडे राहायची. वहिनी घरूनच काम करते, नोकरीला आलेल्या लोकांच्या मुलाखती संगणकावर घेते. समोरचा उमेदवार मधेच दचकून विचारायचा, "मागे कुणी रागावलंय का?" रागावलेलं कुणी नसायचं, आई दूधवाल्याशी गप्पा मारत असायची. वहिनी वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान कडाकडा भांडता आलं असतं. ती फक्त "हळू" म्हणायची. दादाही "हळू" म्हणायचा. त्या घरात आईला आई कमी आणि हळू जास्त म्हणत.

आणि माझं घर म्हणजे दवाखान्यामागच्या दोन खोल्या, मधे एक भिंत. पलीकडे कुणी पेला आपटला तरी तपासणी बिघडते. "तुझ्याकडे मला शिंकायचं झालं तरी आधी परवानगी काढावी लागेल," असं आई एकदा म्हणाली होती. त्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो आणि तो विषय तिथेच राहिला होता.

गाणं ठरलं. जुनं, हलकंफुलकं गाणं होतं. घरी यायला उशीर झालेली एक मुलगी वाटेतूनच घरच्यांची समजूत घालते आहे. शेवटची ओळ अशी: "दिवा राहू दे, पोचतेच मी." ती ओळ परत परत येते, आणि बारीक होत जाते.

बैठक उठल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"कासवा, हे खाली खाली जायचं म्हणजे नेमकं काय करायचं गं? मला वर जायचंच माहीत आहे."

"काही करू नकोस," मी म्हणाले. "संगीत जाईल तिकडे त्याच्या मागे मागे जा."

"किती लांब?"

"ऐकू येईल तोवर."

तिनं पोहायच्या शर्यतीआधी मान हलवायची तशी मान हलवली. सूचना कळली, आता ती पाळायची, अशी.

वाढदिवसाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पडदा, पडद्यावर गाण्याचे शब्द आणि त्यांच्यावरून सरकत जाणारा निळा रंग. केक कापून झाला. दातांच्या डॉक्टरांनी आपली दोन गाणी तीन करून घेतली. मग आई उठली. तिनं माइक हनुवटीपासून दूर धरला, तलावावर शिट्टी धरायची तसा, आणि गायला लागली. सूर यथातथाच, पण आवाज असा की पुढच्या रांगेतल्या पोराटोरांनी कानांवर हात धरले. वहिनीनं डोळे मिटून घेतले.

मग शेवटची ओळ आली.

दिवा राहू दे, पोचतेच मी. संगीत एक पायरी उतरलं आणि आई त्याच्याबरोबर उतरली. पुन्हा ओळ, पुन्हा पायरी. मी माझ्या आईला जन्मात पहिल्यांदा हळू होताना ऐकत होते. सभागृह चिडीचूप झालं. ती ओळ आता माणसानं दाराआडून म्हणावी तशी येत होती, मग गल्लीच्या टोकावरून यावी तशी. आईची नजर पडद्यावर नव्हती. ती समोर, लोकांच्या डोक्यांवरून कुठेतरी बघत होती आणि तिचा चेहरा एकाग्र होता.

पडद्यावरचे शब्द गेले. यंत्रावरचा दिवा विझला. आई अजून गात होती.

मी तिच्यापासून चार हातांवर होते आणि धंद्याच्या सवयीनं तिचा आवाज कुठे संपतो ते पकडायला बसले होते. मला तो क्षण सापडला नाही. आवाज होता, मग अजून होता, मग लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी पहिली टाळी बिचकत वाजवली असणार. दादानं आईला मिठी मारली, माइक तिच्या हातातून काढून घेतला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

वरच्या मजल्यावरून तक्रार आली नाही.

त्या आठवड्यात आईचा फोन आला. तिचा फोन मी नेहमी हातभर लांब धरून ऐकायचे. या वेळी तो कानाला टेकवावा लागला. पुढच्या वेळी आवाज शेवटापर्यंत वाढवावा लागला. मला वाटलं, फोन बिघडलाय. दादाला म्हणाले तर तो खूश होता.

"फोन ठणठणीत आहे. आई शांत झालीय. वयानं होतं माणूस शांत. उशिरा का होईना, देव पावला."

वहिनी फोनवर आली. "खरं सांगू का? घरातल्या घड्याळाला टिकटिक आहे हे मला आत्ता कळलं."

रविवारी मी जेवायला गेले. आई माझ्या समोर बसली होती. दादा आणि वहिनी टीव्हीकडे तोंड करून. आईला मीठ हवं होतं, ती बोलली, आणि मला वाऱ्याची झुळूक गेल्याइतका आवाज आला. पण मी तिच्याकडे बघत होते. तिचं पोट आत गेलं होतं. मानेच्या शिरा टरारून वर आल्या होत्या. तोंड पूर्ण उघडलं होतं. तलावाच्या या काठावरून त्या काठावरच्या पोराला थांबवताना ती अशी दिसायची.

मी मीठ तिच्यापुढे ठेवलं.

दादानं मान न वळवताच म्हटलं, "बघ, मागितलं तरी कळत नाही. किती फरक पडलाय नाही?"

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतू तरुण बाईला लाजवतील असे होते. "काहीही नाही," ते म्हणाले, "मनाचं काही असेल. घरात काही ताण वगैरे?" दादा म्हणाला, "छे, घरात तर इतकी शांतता आहे." त्याला स्वतःच्या बोलण्यात काही विनोद झालाय हे कळलंसुद्धा नाही.

मग मी तिला माझ्याकडे आणलं. दुपारची वेळ होती, रुग्ण नव्हते. आवाजबंद खोलीत तिला खुर्चीवर बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि काचेच्या या बाजूला येऊन बसले. पहिला आवाज सोडला. ती स्वस्थ बसून होती. मी दुसरा सोडायला गेले आणि तेवढ्यात तिनं बटण दाबलं.

मला वाटलं, तिचं लक्ष नव्हतं. पण पुढच्या प्रत्येक आवाजाला तेच झालं. सगळ्यात बारीक आवाजसुद्धा तिला ऐकू येत होता, माझ्याहून चांगला येत होता. फक्त उशिरा येत होता. आणि उशीर प्रत्येक वेळी सारखाच होता. म्हातारपणानं माणूस बटण दाबायला चुकतो, पण असा नेमानं चुकत नाही. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, तारा बदलल्या, तिच्या जागी स्वतः बसून पाहिलं. यंत्रात काही नव्हतं.

मग मी तिच्या ओठांसमोर माइक लावला, माझ्या कानांवर हेडफोन घेतले आणि तिला खुणेनं सांगितलं, बोल. आवाज वाढवत वाढवत मी बटण पार शेवटाला नेलं.

कुजबुज कशी असते ते मला माहीत आहे. कुजबुज कितीही मोठी केली तरी कुजबुजच राहते, आणि ओरडणं कितीही बारीक केलं तरी ओरडणंच राहतं. हेडफोनमध्ये जे आलं ती कुजबुज नव्हती. आई जिवाच्या आकांतानं हाक मारत होती, फार लांबून. आणि हाकेमागे प्रतिध्वनी होता, मोठ्या रिकाम्या जागेत असतो तसा. त्या खोलीत प्रतिध्वनी होत नाही. तो होऊ नये म्हणूनच तिच्या भिंती तशा बांधलेल्या आहेत.

"कासवा," ती ओरडत होती, "अजून किती लांब?"

भोंगा वाजवत गाडी आपल्यापासून दूर जायला लागली की त्याचा सूर जरासा उतरतो. आईचा सूर तसा उतरलेला होता.

मी आत बोलायच्या माइकचं बटण दाबलं. "आई, परत फीर. गाणं संपलंय. केव्हाच संपलंय."

काचेपलीकडे ती माझ्याकडे बघत बसली होती, शांतपणे, हात मांडीवर. काही वेळानं तिचा चेहरा बदलला, ऐकल्यासारखा. तिनं मान हलवली आणि मानेच्या शिरा फुगल्या.

"कुठे संपलंय?" ती लांबून ओरडली. "मला ऐकू येतंय की अजून."

मी दादाला सगळं सांगितलं. सांगताना माझं मलाच कळत होतं की हे कसं वाटतंय. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू दिवसभर त्या डब्यात बसतेस ना, त्याचा हा परिणाम." दातांच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मात्र चेष्टा केली नाही. त्यांचा चेहरा पडला. "मी म्हटलं होतं," एवढंच बोलले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आपला कीबोर्ड काखोटीला मारून दादाच्या घरी आले.

त्यांनी ते गाणं आईसमोर बसून म्हटलं. शेवटची ओळ तीनदा घेतली आणि मग दोन्ही हातांनी सूर असे दाबले की खिडकीची काच वाजली. ठणकन. याहून ठाम शेवट कुठल्या गाण्याला झाला नसेल. आतल्या खोलीतून वहिनीचं "हळू" आलं. आई पाहुण्याच्या पोरानं कविता म्हणून दाखवावी तशा कौतुकानं डॉक्टरांकडे बघत होती. तिनं ताल धरला नाही, ओठ हलवले नाहीत. डॉक्टरांनी घाम पुसला आणि निघून गेले. तेव्हापासून ते मंडळात येत नाहीत.

त्याच दुपारी, डॉक्टर गेल्यावर, मी आईला गाडीतून फिरायला नेलं. गाव ओलांडून नदीवरच्या पुलापर्यंत गेलो, परत फिरलो, वाटेत पेट्रोल भरलं. सिग्नलला गाडी उभी असताना आईचा तळवा तिच्या गुडघ्यावर पडायला लागला. एक, दोन, एक, दोन. ओठ हलत होते. मी शब्द ओळखले. ती आता, तासाभरानं, डॉक्टरांबरोबर गात होती.

सिग्नल सुटला तरी मी गाडी हलवली नाही. मागचे भोंगे वाजवत होते. शेवटची ओळ आली, एकदा, दोनदा, तीनदा.

शेवट यायच्या जागी तिचा हात थांबला नाही.

यानंतर घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की आईला काही कळत नाही. ते सोयीचंही होतं. तिला हाक मारली तर ती बघायची नाही, आणि कुणी काही बोलत नसताना एकदम हसायची. वहिनीनं तिच्यासाठी दिवसाची बाई ठेवायचा विचार सुरू केला. दादा एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक घेऊन आला, गुळगुळीत कागदाचं, वर हिरवळीचा फोटो. "तिथे खूप शांतता असते," तो म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. जन्मभर आरडाओरडा करून जगलेल्या बाईला हे लोक शेवटी शांतता देणार होते.

मी म्हणाले, तिला एकदा माझ्याकडे तपासणीला घेऊन ये, मग बोलू. दादा तिला घेऊन आला.

या वेळी हेडफोनमध्ये काहीच आलं नाही. आवाज शेवटापर्यंत वाढवला, पण आली ती यंत्राची स्वतःची खरखर. काचेपलीकडे आईची मान ताणलेली होती, तोंड उघडं होतं. दादा माझ्या मागे उभा राहून फोनवर काहीतरी बघत होता.

मी आत बोलायच्या माइकचं बटण दाबलं आणि जे मी पूर्वीच विचारायला हवं होतं ते विचारलं.

"आई, माझ्याकडे येतेस का राहायला? कायमची. दवाखान्याचं बघू काय करायचं ते. हवं तेवढं ओरड. येतेस?"

आई बघत राहिली. उत्तर लगेच येणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी काचेला डोळे लावून बसले. दादानं फोन पाहून झाला, घड्याळ पाहून झालं, बाहेर जाऊन दोन कप चहा घेऊन आला. त्याचा पिऊन झाला, माझा गार झाला.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "तिला काही कळत नाही. उगाच नाटकं करू नकोस. एवढा पुळका असेल तर ने ना आजच, कोण नको म्हणतंय? बसव तिला रुग्णांमध्ये."

मी वळले. इतके महिने जे गिळत होते ते सगळं वर आलं.

"मी का म्हणून नेऊ? तिला हळू हळू करत तुम्ही घालवलंत, आता तुम्हीच निस्तरा. मला नको ती असली. ठेव तुझ्याकडेच!"

त्यानं आतून आईला उठवलं, तिचा हात धरला आणि तिला घेऊन गेला. जाताना ती माझ्याकडे बघून हसली, रोजच्यासारखी.

दवाखाना बंद करताना मी यंत्राकडे गेले, तर आत बोलायच्या माइकचा तांबडा दिवा अजून लागलेला होता. आईला विचारताना मी बटण दाबून अडकवून ठेवलं होतं. सोडायचं राहून गेलं होतं. दादाशी भांडताना मी त्याच माइकसमोर बसले होते, आणि आईच्या कानांवर हेडफोन होते.

मी लगेच फोन केला. दादाला फोन आईच्या कानाला लावायला सांगितला आणि बोलले. ते तुला नव्हतं, दादाला होतं, रागात बोलले, तू ये. रडत रडत बराच वेळ बोलले. मग दादाचा आवाज आला, "झालं का? ती भिंतीकडे बघतेय."

मग काही दिवस काहीच झालं नाही. मी रोज फोन करत होते, रोज तेच बोलत होते. वहिनी फोन धरायला कंटाळली होती.

गुरुवारी सकाळी मी एका मुलाचे कान तपासत होते तेव्हा वहिनीचाच फोन आला. ती घाबरली होती.

"आई नाश्ता करत होत्या. एकदम थांबल्या. कुणीतरी बोलतंय आणि त्या ऐकतायत, अशा. आणि मग हो म्हणाल्या. आवाज नाही आला, पण मान हलवून, दोन-तीनदा, हो हो म्हणाल्या. इतक्या हसत होत्या! उठून कपाटातली पिशवी काढली. कपडे भरले. पोहायचा पोशाखसुद्धा घेतला. आता दारात बूट घालून बसल्यात."

"तिला हलवू नकोस," मी म्हणाले. "मी येतेय. तिच्याशी कुणी काही बोलू नका."

मी मुलाला तसंच त्याच्या आईकडे सोपवलं आणि गाडी काढली.

माझा प्रश्न आणि माझं भांडण, यांच्यामध्ये गार झालेला एक चहा होता. पाव तास असेल. पण इथला पाव तास तिच्याकडे पोचेपर्यंत केवढा होतो हे मला माहीत नव्हतं. तो ताणला जाऊन तासाचा व्हावा, दिवसाचा व्हावा, असं मी स्टिअरिंगला घट्ट धरून म्हणत होते. मी दोन सिग्नल तोडले. तिला एकदा गाडीत बसवलं, एकदा माझ्या घरात आणलं, की मग काहीही ऐकू येऊ दे, मी तिच्यासमोर असेन, मी हात जोडेन, मी लिहून दाखवेन.

लिफ्ट वर गेलेली होती. मी जिन्यानं गेले.

दार उघडं होतं. आई उंबऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, पिशवी मांडीवर, केस विंचरलेले. मागे वहिनी उभी होती, तोंडावर हात धरून. मला पाहिल्यावर आईचा चेहरा असा उजळला की मला हसू आणि रडू एकदम आलं.

मी हात पुढे केला. ती उठली. तिनं माझा हात धरला.

एक पाऊल बाहेर टाकलं.

आणि थांबली.

तिची मान किंचित कलली. माझ्याकडे नाही, जिन्याकडे नाही, लांब कुठेतरी. तलावाच्या काठावर उभं राहून पलीकडचं बोलणं ऐकायची, तशी ती ऐकत होती. मी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मी बोलत होते. काय बोलत होते ते मला आठवत नाही. वहिनी म्हणते, मी ओरडत होते.

दवाखान्यातलं माझं ते बोलणं मोठं नव्हतं. चारच वाक्यं होती.

आईनं माझ्या हातांतून आपला हात सोडवून घेतला, झटकून नाही, एकेक बोट काढत. माझे ओठ हलत होते म्हणून ती माझ्याकडे बघत उभी राहिली, पाहुण्याचं बोलणं संपायची वाट बघावी तशी. ते संपेना, तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर थोपटलं. मग ती स्टुलावर बसली, बूट काढले, एकाला एक जुळवून फळीवर ठेवले, आणि पिशवी उचलून आत गेली.